पाऊस पडला की गायगर काउंटर का उसळतो? (बाहेरच्या हवेतला नैसर्गिक किरणोत्सार)

निरभ्र

हौसेने गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) बाळगणाऱ्यांचा हा अगदी ठरलेला प्रश्न. एरवी तासाला ०.१० मायक्रोसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे शरीराला मिळणारी किरणांची मात्रा सांगणारं एकक) आसपास रेंगाळणारा आकडा जोराची सर आली की ०.१५ वर जातो, कधी ०.२० गाठतो आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत मुकाट खाली येतो. तेवढ्या वेळात कुठल्या तरी ग्रूपवर "अणुभट्टी फुटली, बातमी दाबलीये" हे सुरू झालेलं असतं. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. सांभाळून घ्या.

जमिनीत, दगडात, मातीत सगळीकडे थोडं थोडं युरेनियम असतं. त्यातल्या युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य (म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढं. ते एकदम शिशावर येऊन थांबत नाही. मध्ये बरीच मोठी वंशावळ आहे. तिच्यातलं रेडियम-२२६ (अर्धायुष्य १६०० वर्षं) फुटलं की रेडॉन-२२२ तयार होतो. सगळी गोम इथे आहे. रेडॉनच्या आधीची मंडळी घन आणि त्यामुळे मातीतच अडकलेली. रेडॉन मात्र वायू, तोही कशाशी सहसा संयोग न करणारा. त्याचं अर्धायुष्य ३.८२ दिवस आहे, मातीच्या फटींतून वाट काढत हवेत यायला तेवढा अवधी पुरतो.

हवेत तो फुटतो तेव्हा पुन्हा धातू तयार होतात: पोलोनियम-२१८ (३ मिनिटं), शिसं-२१४ (२७ मिनिटं), बिस्मथ-२१४ (२० मिनिटं), मग पोलोनियम-२१४, जे सेकंदाचा हजारावा भागही टिकत नाही. हे सुटे अणू हवेतल्या धुळीला, धुराच्या कणांना, ढगातल्या थेंबांना चिकटतात. पाऊस आला की शेकडो मीटर उंचीच्या हवेत विखुरलेला हा माल एकदम जमिनीवर उतरतो. शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ गॅमा किरण (क्ष-किरणांसारखे आरपार जाणारे) सोडतात, काउंटरला तेच दिसतात. दोघांची अर्धायुष्यं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर असल्याने पाऊस थांबला की आकडाही साधारण त्याच वेगाने उतरतो.

काउंटर असेल तर खात्री करून घेता येते. सर थांबल्याबरोबर काचेवरून किंवा गाडीच्या टपावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा, घडी घालून ट्यूबला टेकवा आणि दर दहा मिनिटांनी मोजणी लिहा. नेहमीची पार्श्वभूमी वजा करा. उरलेला आकडा अर्ध्या-पाऊण तासात निम्मा झाला तर तो रेडॉनचा गोतावळा. अणुभट्टीतून आलेलं सीझियम-१३७ असतं तर निम्मं व्हायला ३० वर्षं लागली असती!

हे सगळं माणसाला कितपत बाधतं, हा खरा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या 'अन्स्किअर' या वैज्ञानिक समितीच्या हिशेबाने नैसर्गिक स्रोतांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. त्यातली अर्ध्याहून जास्त, सुमारे १.२६, श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉन आणि त्याच्या भावंडाकडून. बाकी जमिनीतले गॅमा किरण ०.४८, वैश्विक (अवकाशातून येणारे) किरण ०.३९ आणि अन्नपाणी ०.२९. पण "श्वासावाटे" म्हटलं की लोक बाहेरच्या हवेला दोष देतात. माझ्या मते तो चुकीच्या माणसाला पकडण्याचा प्रकार आहे. प्रतिसादांत बोलूच.

वाचनमात्र

छान लेख. वाचनखूण साठवली. पुढील लेखनाला शुभेच्छा.

शंकासुर

लेख वाचला. पण रेडॉन हवेपेक्षा सात-साडेसातपट जड असतो असं शाळेत शिकलोय. मग तो जमिनीलगत साचून राहणार आणि लहान मुलं तीच हवा घेणार. "शेकडो मीटर उंचीवर विखुरलेला" हे कसं काय?

अर्धायुष्य

@शंकासुर, शुद्ध रेडॉनने भरलेली बाटली असेल तर तो जड, मान्य. बाहेरच्या हवेत त्याचं जागतिक सरासरी प्रमाण घनमीटरला सुमारे १० बेकरेल आहे. म्हणजे एक घनमीटर हवेत दर सेकंदाला १० अणू फुटतात. अर्धायुष्य ३.८२ दिवस धरून उलटा हिशेब करा: त्या घनमीटरमध्ये रेडॉनचे सुमारे ४८ लाख अणू निघतात. ऐकायला भरपूर वाटतात. त्याच घनमीटरमध्ये हवेचे रेणू किती? २५ आणि त्यापुढे २४ शून्यं. एवढ्या गर्दीत ४८ लाख जणांचं वजन कोण विचारतो! वारा आणि वर-खाली होणारी हवा त्यांना नेईल तिकडे ते जातात.

जमिनीलगत प्रमाण जास्त असतं हे खरं आहे, पण त्याचं कारण एवढंच की तो तिथून निघतो. आणि ते किती जास्त, हे हवा किती ढवळली जाते यावर ठरतं. रात्री आकाश निरभ्र (धागाकर्ते नव्हेत) आणि वारा पडलेला असेल तर जमीन लवकर निवते, थंड हवेचा थर खाली बसतो आणि त्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. रेडॉन त्याखाली जमत राहतो. पहाटे सूर्योदयाच्या सुमाराला सर्वांत जास्त, ऊन तापून हवा उसळायला लागली की दुपारी सर्वांत कमी. पहाटेचा आकडा दुपारच्या काही पट असणं अगदी रोजचं आहे.

ओली माती, गोठलेली जमीन, बर्फाचा थर यांनी फटी बुजतात आणि बाहेर येणारा रेडॉन घटतो. समुद्राच्या पाण्यात रेडियम फार थोडं, त्यामुळे खुल्या समुद्रावरची हवा या बाबतीत जवळजवळ कोरी. वातावरण-शास्त्रज्ञ याचा झकास उपयोग करतात. टास्मानियातल्या केप ग्रिमच्या केंद्रावर हवेत रेडॉन किती आहे ते बघून ती हवा अलीकडे जमिनीवरून फिरून आली की थेट समुद्रावरून, हे ओळखतात.

मोरपंखी

म्हणजे पहाटे फिरायला जाणं बंद करायचं का? घरातली ज्येष्ठ मंडळी साडेपाचलाच बाहेर पडतात. विचारून ठेवते, नंतर त्यांनी लेख वाचला तर मलाच उत्तर द्यावं लागेल.

अर्धायुष्य

@मोरपंखी ताई, अजिबात नाही. हिशेबच देतो. पहाटे बाहेर घनमीटरला ३० बेकरेल धरू, म्हणजे सरासरीच्या तिप्पट. बाहेरच्या हवेत रेडॉनची संतती त्याच्याबरोबर पूर्ण समतोलात नसते, म्हणजे त्याच्या मानाने थोडी कमीच असते, त्यासाठी ०.६ ने गुणायचं. मग दर बेकरेल-तासाला ९ नॅनोसिव्हर्ट. एका तासाचे झाले १६२ नॅनोसिव्हर्ट. रोज एक तास, वर्षभर: ०.०६ मिलिसिव्हर्ट. शिवाय त्या तासाला ते घरात बंद खोलीत झोपले असते तर तिथेही रेडॉन होताच, बहुतेक वेळा जास्तच. जाऊ द्या त्यांना.

निरभ्र

अर्धायुष्य यांनी सूत्र दिलंच आहे तर मी म्हणत होतो ते त्यातच मांडतो.

बाहेर: १० बेकरेल, समतोलाचा गुणक ०.६, वर्षाकाठी घराबाहेरचे १७६० तास, गुणिले ९ नॅनोसिव्हर्ट. उत्तर ०.०९५ मिलिसिव्हर्ट.

आत: जागतिक सरासरी ४० बेकरेल, गुणक ०.४, तास ७०००, गुणिले ९. उत्तर १.० मिलिसिव्हर्ट.

दहापट! यातला फरक दोन ठिकाणांहून येतो. घरात प्रमाण चौपट आणि मुक्कामही चौपट. (गुणक आत कमी असतो कारण वंशज भिंतींवर, सामानावर बसून जातात, त्यामुळे सोळापटीऐवजी दहापट.) घर थोडं उबदार असेल तर आतला दाब जमिनीतल्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो आणि फरशीच्या भेगा, नळांच्या कडा, तळघर यांतून ते मातीतली हवा ओढून घेतं. मातीतल्या हवेत रेडॉन घनमीटरला हजारो बेकरेल सहज असतो. वरच्या मजल्यांवर हा मार्ग लांबतो, तिथे मुख्यतः बांधकामाच्या साहित्यातून येणारा उरतो.

आणि आतला रेडॉन घालवायचा कसा, तर बाहेरची हवा आत घेऊन. म्हणजे आपण ज्या हवेची चौकशी करतोय तीच यावरचा सगळ्यात साधा उपाय आहे. खिडक्या कितीही उघडा, बाहेर जितकं आहे त्याखाली मात्र आकडा जाणार नाही.

खडूस मास्तर

९ नॅनोसिव्हर्ट हा आकडा दगडावर कोरलेला नाही, हेही सांगा की. आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने अलीकडे फुप्फुसाच्या नव्या प्रतिरूपावरून जवळजवळ दुप्पट गुणक सुचवला आहे. अन्स्किअरने ९ कायम ठेवला. बेकरेल तेच, मिलिसिव्हर्ट मात्र कोणाचं पुस्तक उघडता त्यावर. सिव्हर्ट मोजला जात नाही, काढला जातो. हौशी लोक यंत्रावरचा आकडा वेदवाक्य समजतात म्हणून लिहिलं.

त्यात स्वस्त काउंटर सीझियम-१३७ च्या गॅमावर जुळवलेले असतात. त्यांच्यासमोर अल्फा-बीटा (फार लांब न जाणारे भारित कण) सोडणारा टिश्यू धरून "मायक्रोसिव्हर्ट" वाचणं निरर्थक आहे. टिश्यूच्या प्रयोगात फक्त दर मिनिटाची मोजणी लिहा.

निरभ्र

@मास्तर, सहमत. म्हणूनच "मोजणी लिहा" म्हटलं होतं. दोन्ही गुणकांनी केलं तरी आत-बाहेरचं दहास एक प्रमाण तेच राहतं, आणि मला सांगायचं होतं ते प्रमाणच.

डॉ. कोपरखळी

वैद्यकीय बाजू थोडक्यात. रेडॉन वायू स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतांशी तसाच बाहेर येतो. त्रास त्याच्या वंशजांचा. ते श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि पोलोनियमचे अल्फा कण तिथेच, काही दशांश मिलिमीटरच्याही आत, आपली सगळी ऊर्जा ओततात. अल्फा कण बाहेरून आले तर त्वचेचा मृत थर त्यांना अडवतो. आतल्या अस्तराला तसं चिलखत नाही.

जर्मनीतल्या श्नेबर्ग भागातल्या खाणकामगारांना होणारा "डोंगरी आजार" १६ व्या शतकापासून माहीत होता. १८७९ मध्ये तो फुप्फुसातली घातक गाठ असल्याचं नोंदवलं गेलं. रेडॉनचा शोधच मुळी १९०० च्या आसपासचा, म्हणजे रोगी आधी सापडले आणि कारण नंतर. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. युरोपातल्या घरांचा एकत्रित अभ्यास २००५ मध्ये आला. त्यात घनमीटरला दर १०० बेकरेल वाढीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटना घरासाठी १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवते, तेवढं अशक्य असेल तिथे ३०० च्या वर नको म्हणते.

आता कोपरखळी. हे १६ टक्के मूळ धोक्यावर चढतात, आणि धूम्रपान करणाऱ्याचा मूळ धोकाच प्रचंड असतो. रेडॉनमुळे होणारे बहुतेक मृत्यू धूम्रपान करणाऱ्यांत किंवा पूर्वी केलेल्यांत होतात. तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवेवर हवेतलं शिसं-२१० येऊन बसतं, त्यातून पोलोनियम-२१० तयार होतं आणि ते धुरातून फुप्फुसात जातं. हातात सिगारेट धरून बाहेरच्या हवेतला किरणोत्सार विचारणारे रुग्ण मी पाहिलेत.

शंकासुर

पण नैसर्गिक किरणोत्साराची शरीराला लाखो वर्षांची सवय आहे. घातक तो माणसाने बनवलेला. दोन्ही एका तराजूत कसे घालता?

खडूस मास्तर

पेशीला कण कुठून आला ते कळत नाही. तेवढ्याच ऊर्जेचा अल्फा कण डोंगरातून आला काय नि प्रयोगशाळेतून आला काय, डीएनएचे तेच हाल करतो. सिव्हर्ट हे एकक याच कारणाने आहे. "नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी" आणि "कृत्रिम म्हणून जीवघेणं", दोन्ही वाक्यं एकाच आळसातून येतात.

शंकासुर

भाषा जरा मवाळ ठेवली तरी मुद्दा पोचतो. बरं, मग केरळचं काय? तिथे किनाऱ्यावर एवढा किरणोत्सार असून लोक ठणठणीत आहेत असं नेहमी ऐकवलं जातं.

अर्धायुष्य

केरळचं उदाहरण चांगलं आहे, फक्त ते या धाग्याच्या थोडं बाजूचं आहे. चवरा-नींडकरा पट्ट्यातल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू. तिथली मात्रा प्रामुख्याने वाळूतून येणाऱ्या गॅमा किरणांची. काही जागी घराबाहेर वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत (ग्रे हे शोषलेल्या किरणऊर्जेचं एकक, गॅमासाठी जवळपास सिव्हर्टएवढंच) मोजली गेली आहे. करुनागप्पल्ली तालुक्यातल्या सुमारे ७० हजार लोकांचा सरासरी दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कर्करोगाचं वाढीव प्रमाण दिसलं नाही.

यावरून "कमी मात्रा निर्धोक" असं सिद्ध होतं का? नाही. अपेक्षित वाढ इतकी छोटी असते की ७० हजार लोकांतही ती सांख्यिकीच्या गोंगाटात दडू शकते. पण "तिथे राहणं म्हणजे मरण" हेही त्यातून साफ खोटं ठरतं. शिवाय शरीराला बाहेरून सगळीकडे सारखे लागणारे गॅमा आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर केंद्रित झालेले अल्फा यांची थेट अदलाबदल करू नये. रेडॉनच्या बाबतीत आपल्याकडे घरांचे अभ्यास आहेत, तेच वापरावेत.

थोरियमचा विषय निघालाच आहे तर: निरभ्र यांनी रेडॉनचं "भावंड" म्हटलं ते थोरॉन, म्हणजे रेडॉन-२२०. अर्धायुष्य फक्त ५५.६ सेकंद. मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतून निघालेलाच हवेपर्यंत जिवंत पोचतो, आणि जमिनीपासून वर जाताना झपाट्याने कमी होतो. त्याचा वंशज शिसं-२१२ मात्र १०.६ तास अर्धायुष्याचा, तो दूरवर पसरतो. टिश्यूच्या प्रयोगात पाच-सहा तासांनीही थोडी मोजणी शिल्लक राहिली तर घाबरू नका, तो बहुधा हाच.

टिवल्याबावल्या

मी मोबाइलवर किरणोत्सार मोजायचं फुकट अ‍ॅप घेतलंय. कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावायला सांगतं. गेले तासभर शून्य दाखवतंय. माझ्याकडची हवा शुद्ध आहे असं जाहीर करू का?

खडूस मास्तर

पट्टी काढू नका. निदान फोटो तरी येणार नाहीत.

निरभ्र

:) कॅमेऱ्याच्या चिपवर गॅमा आदळला तर ठिपका उमटतो, तत्त्व खरं आहे. पण चिप इवलीशी, त्यामुळे पार्श्वभूमीच्या पातळीला तिच्याकडून काही कळत नाही. जिथे ती जोरात वाजेल तिथून पळ काढायचा.

उंच माझा झोका

केबिन क्रूमध्ये काम करते. आमच्याकडे उंचीवरच्या वैश्विक किरणांची नोंद ठेवतात. ते "हवेतलं" धरायचं का?

अर्धायुष्य

मात्रा म्हणून वेगळं, पण नातं आहे. १० ते १२ किलोमीटर उंचीवर मार्ग आणि अक्षांशानुसार तासाला साधारण ३ ते ८ मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे जमिनीवरच्या पार्श्वभूमीच्या कितीतरी पट. ते थेट वैश्विक किरणांचे. शिवाय हे किरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणूंना फोडून नवे किरणोत्सारी अणू बनवतात: कार्बन-१४ (५७३० वर्षं), ट्रिटियम (१२.३ वर्षं), बेरिलियम-७ (५३ दिवस). बेरिलियम-७ पावसाबरोबर खालीही येतं. जमिनीलगतच्या हवेत ते घनमीटरला काही मिलिबेकरेल, रेडॉनच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. माणसाला मिळणारी मात्रा नगण्य.

इतिहासात मात्र दोन्ही गोष्टी एकाच कोड्यातून निघाल्या. हवाबंद विद्युतदर्शीसुद्धा (विद्युत भार दाखवणारं उपकरण) आपोआप भार का गमावतो, हे कोडं होतं. एल्स्टर आणि गायटेल या जर्मनीतल्या दोन शाळामास्तरांनी १९०१ मध्ये उघड्या हवेत तार ताणून तिला काही हजार व्होल्टचा ऋण भार दिला. काही तासांनी तार किरणोत्सारी झालेली! रेडॉनचे वंशज धन भारित असतात, ते तारेवर गोळा झाले होते. मग सगळ्यांना वाटलं की हवेचं आयनीभवन (तिच्या कणांना विद्युत भार येणं) जमिनीतल्या किरणांमुळेच होतं, वर जावं तसं ते कमी होत जाईल. व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यातून ५३०० मीटरवर गेला तर तिथे ते उलट वाढलेलं. १९३६ चं नोबेल त्याला या वैश्विक किरणांसाठी मिळालं.

मोरपंखी

अवांतर: शाळामास्तरांनी असे शोध लावायचे दिवस गेले का हो?

खडूस मास्तर

गेलेले नाहीत. भारित तारेऐवजी लोकरीवर घासलेला फुगा टांगा. अर्ध्या तासाने हवा सोडून रबर काउंटरला लावा. वर्गात चालणारा प्रयोग आहे, बंद खोलीत तर फारच छान चालतो.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. एवढा नैसर्गिक गोंगाट असताना खरोखर कुठे गळती झाली तर ती ओळखतात कशी? की "रेडॉन आहे" म्हणून ती झाकता येते? मला तीच शंका होती आणि ती अजून आहे.

अर्धायुष्य

रास्त प्रश्न. गायगर काउंटरने ओळखणं कठीणच, तो कण मोजतो पण कोणाचा ते सांगत नाही. त्यासाठी गॅमा वर्णपट लागतो: प्रत्येक समस्थानिकाच्या (सीझियम-१३७ सारख्या एकेका अणुप्रकाराच्या) गॅमाची ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ चा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, बिस्मथ-२१४ चा ६०९ चा. चांगल्या शोधक यंत्राला ही दोन शिखरं सुटी दिसतात.

अणुचाचणी बंदी कराराच्या जागतिक जाळ्यातली केंद्रं रोज हजारो घनमीटर हवा गाळतात. २४ तास गाळायचं, मग गाळणी २४ तास नुसती ठेवून द्यायची, म्हणजे रेडॉनची संतती मरून जाते आणि थोरॉनचीही बरीच उतरते, आणि त्यानंतर २४ तास मोजायचं. त्यातून घनमीटरला काही मायक्रोबेकरेल सीझियमही सापडतं. २०११ मध्ये फुकुशिमाचे अंश जगभरच्या केंद्रांना असेच सापडले, बहुतेक ठिकाणी ते तिथल्या रेडॉनच्या पासंगालाही पुरत नव्हते. वेगवेगळ्या देशांतली केंद्रं एकाच वेळी मोजत असल्याने एकाने लपवून भागत नाही. चेर्नोबिलची चाहूलही १९८६ मध्ये बाहेरच्या जगाला आधी स्वीडनमधल्या मोजणीतून लागली होती.

शंकासुर

हे पटण्यासारखं आहे. वर्णपट काढणारं यंत्र हौशी माणसाला परवडतं का?

निरभ्र

सिंटिलेटर (किरण आदळला की चमकणारा) स्फटिक असलेली खिशात मावणारी यंत्रं आता मिळतात. पावसाच्या सरीनंतर ६०९ चं शिखर डोळ्यांदेखत वर येताना त्यांत दिसतं. पण घरातला रेडॉन मोजायचा असेल तर त्यावर खर्च करू नका. अल्फाच्या खुणा उमटणारी प्लास्टिकची साधी डबी मिळते, ती तळमजल्यावरच्या झोपायच्या खोलीत तीनेक महिने ठेवून प्रयोगशाळेला पाठवायची. खिडकीत किंवा पंख्याखाली ठेवू नका, आणि पहिल्या आठवड्यात हलवून बघायचा मोह टाळा, त्यात दिसण्यासारखं काही नसतं.